वाकड्या टाक्याचा चेंडू

मित्रांनो, मी फुटबॉलचा एक जुना चामडी चेंडू आहे. पो नदीकाठच्या आमच्या भातशेतीच्या गावात, क्लबाच्या कपाटात काचेमागे मला ठेवलं आहे. पुढे पाटी आहे, 'विजयाचा चेंडू'. ती वाचून माणसं टोपी काढतात. मला त्या पाटीची लाज वाटते.

मला गोत्तार्दोनं शिवलं. तो खरा खोगीरं शिवणारा. आत फुगा घालायच्या माझ्या तोंडावर वादी ओवताना त्याचा एक टाका वाकडा पडला.

"काका, हा टाका दारू प्यायलाय का?" एवाझिओनं विचारलं.

"टाका नाही रे, मी प्यायलो होतो. असू दे, गर्दीत ओळखू येईल."

एवाझिओ आमचा आघाडीचा खेळाडू. डावीकडून त्याचा दोस्त लोदोविको मला उंच उडवायचा आणि एवाझिओ डोक्यानं मला जाळ्यात घालायचा. त्याच्या कपाळावर एक जुना व्रण होता. पाणी प्यायलेला चेंडू दगडासारखा जड होतो आणि त्याची वादी कपाळ फोडते. माझ्या आधीच्या एका चेंडूनं ते केलं होतं. म्हणून दर शनिवारी एवाझिओ स्वयंपाकघरात बसून मला डुकराची चरबी चोळायचा, पाणी आत शिरू नये म्हणून. लोदोविको समोर बसून भात आणि घेवडा चापायचा.

"नवऱ्याच्या ताटात नाही तेवढी चरबी या चेंडूच्या अंगाला!" एवाझिओची बायको देल्फीना करवादायची.

"वहिनी, तो गोल तरी करतो," लोदोविको म्हणायचा.

नऊ वर्षं मी त्या हातांत होतो. आतला हवेचा फुगा तीनदा बदलला, पण माझं कातडं तेच राहिलं. त्या दोघांच्या कपाळाला मी कधी ओरखडाही काढला नाही. याचा मला फार अभिमान होता.

मग एवाझिओचा गुडघा गेला आणि तो प्रशिक्षक झाला. लोदोविकोला नदीपलीकडे काम मिळालं, तो तिकडच्या संघात गेला.

"आमच्यावर डोक्यानं गोल करू नकोस म्हणजे झालं," एवाझिओ म्हणाला.

"मग काय नाकानं करू?"

दोघं पोट धरून हसले होते.

पुढे हंगामाचा शेवटचा सामना त्याच संघाशी पडला. हरलो तर आमचा संघ खालच्या गटात जाणार आणि एवाझिओचं पद जाणार. पलीकडची पोरं हलक्या पायाची, चेंडू पटापट फिरवणारी. आमची धिप्पाड. सामना आमच्या मैदानावर होता; चेंडू यजमानांनी द्यायचा असे, आणि मोठ्या सामन्याला गावाला मीच हवा असायचो.

रविवारी सकाळी देल्फीना चर्चला गेली. एवाझिओनं मला कपडे धुण्याच्या टबात दाबून धरलं. त्याचे हात ओळखीचे, म्हणून मी घाबरलो नाही. वाटलं, धुतोय. पण त्यानं सोडलंच नाही. मग बाहेर काढून पुसलं आणि वरून चरबी चोळली, नेहमीसारखीच, हलक्या हातानं. जिच्यामुळे पाणी बाहेर राहायचं, तीच चरबी त्यानं पाणी आत कोंडायला लावली! मित्रांनो, माझा विश्वासघात त्या क्षणी झाला.

पंचांनी मला दाबून हवा तपासली. वजन करायला काटा कोणी आणला नव्हता.

पलीकडच्या पोरांचे पाय माझ्या ओझ्यानं थकले. आम्ही एका गोलनं जिंकत होतो. शेवटी लोदोविकोनं बरोबरी करायला उडी घेतली आणि माझी वादी त्याच्या भुवईवर बसली. तो तिथेच कोसळला.

सामना संपला. भुवईवर फडकं दाबून तो आला आणि त्यानं मला उचललं.

"एवाझिओ, हा आपला चेंडू नाही ना? आपला इतका जड नव्हता."

"नाही रे, नवीन आहे," एवाझिओ म्हणाला.

लोदोविकोचा अंगठा माझ्यावरून फिरत गेला आणि वाकड्या टाक्याशी थांबला. त्यानं एवाझिओकडे पाहिलं. मग मला अलगद खाली ठेवलं आणि हात न मिळवता तो निघून गेला. पुन्हा कधी आमच्या गावात आला नाही.

आज माझं कातडं तडकलं आहे. एवाझिओ कपाटासमोरून जातो तेव्हा मान वळवून जातो. चरबी लावायला कोणी येत नाही, आणि आता मला ती नकोही आहे. मित्रांनो, तुमच्या वस्तू जरूर जपा. पण ज्याला प्रेमानं जपलंत, त्याच्याकडून तुमच्या दोस्ताचं कपाळ फोडून घेऊ नका. आणि घेतलंत, तर निदान 'हा माझाच' म्हणून त्याला ओळख तरी द्या.