कर्नलसाहेब उठले का

अठ्ठ्याण्णव साली जालिंदर भिंगारदिवे यांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं, तेव्हा राहुरीतल्या त्यांच्या कॉलेजात फार हळहळ झाली. प्राचार्य म्हणाले, गोड आवाज होता. आवाज अजून घशातच होता, पण त्याला आधीच 'होता' लागलं. भिंगारदिवे तिथं संगणक शिकवायचे आणि सव्वीस जानेवारीला सूत्रसंचालन करायचे. कॉलेजला काळजी सव्वीस जानेवारीची होती.

पुण्याला ऑपरेशनसाठी निघायच्या आदल्या दिवशी मेहुणा कारभारी टेपरेकॉर्डर आणि कोरी कॅसेट घेऊन आला. "दाजी, काय बोलायचं ते बोलून घ्या," एवढं म्हणाला आणि डोळे भरून यायच्या आत टेम्पो घेऊन नेवाशाला निघून गेला.

भिंगारदिव्यांच्या बायकोला, बनाबाईंना, फार काही नको होतं. एकदा नावानं हाक हवी होती. लग्न झाल्यापासून घरात 'अगं' आणि चारचौघांत 'भारतीची आई' एवढ्यावर भागलं होतं. शिवाय त्यांना वाचता येत नव्हतं. निम्म्या तालुक्याला संगणक शिकवणाऱ्या माणसाला बायकोला बाराखडी शिकवायला सवड झाली नव्हती. उद्यानंतर नवऱ्याचं सगळं बोलणं पाटीवर येणार, आणि पाटी त्यांच्या काही कामाची नाही.

"टेपात माझं नाव घ्या एकदा," त्या म्हणाल्या.

"घेतो की. आधी भारतीचं होऊ दे."

भारतीचं म्हणजे लॅपटॉपचं. मातीचा अभ्यास करायला आलेला एक इंग्रज शास्त्रज्ञ जाताना तो देऊन गेला होता. आत आर्म जातीची चिप. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी यंत्रणा चालवायचं खूळ भिंगारदिव्यांनी घेतलं होतं, आणि इंजिनिअरिंगला असलेली मुलगी प्रत्येक सुट्टीत त्यात सामील. गाडं अडलं होतं ते कर्नलपाशी. कर्नल म्हणजे सगळ्या यंत्रणेचा गाभा. आधी तो जागा व्हायला हवा, मग बाकीचे. बनाबाईंचं माहेर भिंगारचं, लष्कराच्या छावणीला लागून. आर्मचा कर्नल म्हटल्यावर त्यांच्या मनात शंका उरली नाही. "कर्नलसाहेब उठले का?" असं त्या रोज विचारायच्या. भिंगारदिव्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. म्हणायचे, हुद्दा बरोबर आहे.

टेप सुरू झाला.

"हे बघ भारती. साधा पीसी असला की कर्नल उठल्या उठल्या बायॉसला विचारतो, मेमरी किती, जोडलंय काय काय. इथं विचारायला कुणी नाही. म्हणून त्याला जो उठवतो ना, तो लोडर, त्यानंच आधी सांगून ठेवायचं. मशीन कोणतं, त्याचा नंबर काय, मेमरी कुठून कुठपर्यंत. नंबर ठरलेल्या जागी ठेवायचा, मग कर्नलच्या हाती कारभार द्यायचा."

"आणि नंबर चुकला तर?"

"तर दाबून भरलेला कर्नल नुसता उलगडतो, 'उलगडलो' असं पडद्यावर लिहितोसुद्धा. मग गप्प."

"पप्पा, आपलं तिथंच अडतंय."

"तेच म्हणतोय. आपण त्याला सांगितलंच नाही. त्याचं त्याला कळेल म्हणून बसलो."

बनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "माझं कवा?"

"अगं, होतच आलंय."

"साहेबाचं उरकलं की मग आमी, व्हय ना?"

"लष्करात सगळं हुद्द्याप्रमाणं," भिंगारदिवे म्हणाले. हसता हसता त्यांना खोकला आला.

भारतीनं नंबर घातला. पडद्यावर ओळी धावू लागल्या आणि भिंगारदिवे प्रत्येक ओळ टेपला समजावून सांगू लागले. आता मेमरी मोजली, आता डिस्क सापडली, आता पहिला प्रोग्रॅम चालू झाला. कॅसेट खट्ट करून थांबली. भारतीनं ती उलटी घातली, बनाबाई पदर सारखा करून समोर बसल्या. भिंगारदिव्यांनी तोंड उघडलं, पण नुसती हवा आली. त्यांनी हातानंच 'उद्या सकाळी' अशी खूण केली.

सकाळीही हवाच आली. आवाज जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, हे भारतीला तेव्हा आठवलं.

ऑपरेशन यशस्वी झालं असं सगळ्यांनी सांगितलं. भारती हॉस्टेलला परतली. बनाबाई तांदूळ निवडताना टेप लावायच्या. मेमरी कोण मोजतं आणि डिस्क कधी सापडते, हे त्यांना पाठ झालं.

एका दुपारी भिंगारदिव्यांनी पाटी ओढली. बराच वेळ घालवून, पाटीभर मोठं, 'बना' असं लिहिलं आणि बायकोसमोर धरलं. बनाबाईंनी टेप बंद केला. आधी पाटी पाहिली, मग नवऱ्याचं तोंड.

"पानी व्हय? गरम?"

भिंगारदिव्यांनी अक्षरांवर बोट ठेवलं. मग तेच बोट त्यांच्याकडे केलं.

"मीच आनते की. दुसरं कोन हाय आनायला?" असं म्हणत त्या उठल्या.

पाणी आलं. भिंगारदिव्यांनी ते सगळं प्यायलं.