पुलावरचा पहारेकरी

"आधी वेगळा फोल्डर कर, मग त्यात झिप फाइल उघड. घाईघाईत सगळं गेमच्या पोटात ओतलंस, तर कुणाचं सैन्य कुठल्या रानात जाऊन बसेल, देवालाही सांगता यायचं नाही."

नवऱ्याचं हे बोलणं तिच्या कानात अजून तसंच होतं. तो जाऊन वर्ष होत आलं होतं. संगणकावरच्या युद्धखेळासाठी तो लढाया रचायचा आणि त्या हौशी खेळाडूंच्या साइटवर ठेवायचा. शेवटची लढाई मात्र त्याने वडिलांसाठी रचली होती. सासरे तरुणपणी पूल उडवणाऱ्या पलटणीत होते. एकदा हुकूम आला आणि त्यांनी पूल उडवला, तेव्हा आपलीच एक तुकडी पलीकडे राहिली होती. जागेपणी त्यांनी तो विषय कधी काढला नाही; झोपेत मात्र त्या माणसांना हाका मारत.

"निदान पडद्यावर तरी त्यांना अलीकडे आणतो," नवरा आजारपणात म्हणाला होता. "माझ्याच्यानं नाही झालं, तर बाबांना तू दाखव." तिने हो म्हटलं होतं.

आज दुपारी धाकटा दीर लॅपटॉप काखेत मारून आला. सासरे त्याच्याकडेच राहायचे.

"वहिनी, साइटवरून परत उतरवून घेतलं, पण रडगाणं तेच. तुकडी पुलाशी आली की गेम राम म्हणतो. बाबा म्हणतात, ती माणसं रुसलीत माझ्यावर. ताट पुढ्यातून सारून देतात हो."

तिने त्याच्या लॅपटॉपवर नवा फोल्डर केला, त्यात झिप उघडली, गेमची आवृत्ती ताडून पाहिली. तुकडी पुलाशी आली आणि पडदा काळा झाला.

"मी काय कमी डोकं फोडलंय?" दीर म्हणाला.

आता राहिला होता नवऱ्याचा स्वतःचा संगणक. तो गेल्यापासून तिने त्यावरचं कापड काढलं नव्हतं. आज काढलं.

इथे तीच लढाई सुरळीत चालली. कुणी बोट लावलं नव्हतं, तरी तुकडी झाडीतून निघाली, ओढ्याच्या कडेने वळली. जो माणूस उरला नव्हता, त्याच्या हुकमावर ती चालत होती. तुकडी पुलावर चढली. अलीकडच्या टोकाला एक पहारेकरी एकटाच उभा होता. तिने त्याच्यावर क्लिक केलं.

चौकटीत नवऱ्याचा फोटो उघडला. खाली नाव होतं 'टिल्लू', वडील त्याला हाक मारायचे ते. त्याखाली हुकूम: सगळे येईपर्यंत हलायचं नाही.

बिघाड आपोआपच कळला होता. फोटो त्याच्या संगणकातच राहिला होता, झिपमध्ये टाकायचा विसरला होता. त्याच्याकडे सगळं चालत होतं, म्हणून त्याला पत्ताच लागला नाही. बाकीच्यांकडे तुकडी पुलाशी येऊन पहारेकरी दिसू लागला की गेम तो चेहरा शोधायचा आणि न सापडल्यामुळे बंद पडायचा.

"गेममधलाच एखादा मिशीवाला चिकटवू," दीर म्हणाला. "कुणाला काय कळतंय? दादाला तिथे बघून बाबा कोसळले तर?"

तिने पडद्याकडे पाहिलं. तुकडी पहारेकऱ्याच्या शेजारून पुढे गेली होती. सगळे अलीकडे आले होते, तरी तो नदीकडे तोंड करून तसाच उभा होता.

"भावजी, पहारा यांनी दिलाय," ती हळूच म्हणाली. "बदली माणूस देणारे आपण कोण?"

"आणि बाबांचं काय?"

"त्यांना आधीच सांगेन, तिथे कोण भेटणार आहे ते. मग सोसवत असेल तरच लावू. मी बसेन त्यांच्या शेजारी."

दीर डोळे पुसत बाजूला झाला. तिने फोटो पेनड्राइव्हवरून त्याच्या लॅपटॉपमध्ये, त्या नव्या फोल्डरात नेऊन ठेवला आणि लढाई एकदा चालवून पाहिली. तुकडी पुलावर चढताच तिने गेम थांबवला. या पडद्यावर ती पार होताना आधी बाबांनी बघायचं होतं.

लॅपटॉप तिने पिशवीत घातला, पायांत चपला सरकवल्या आणि दिरामागोमाग बाबांकडे निघताना आवाज न करता दार ओढून घेतलं.