आधी तुम्ही

"बाई, न्यायासनाच्या त्या तीन पायऱ्यांवर आज तरी हात धरू द्या," वेंडेल म्हणाला.

"नवऱ्यालाही कधी धरू दिला नाही. फाइल दे."

न्यायाधीश आर्लिस स्कार एकोणऐंशी वर्षांच्या. साउथ डकोटातल्या या फेडरल कोर्टात त्यांना एकतीस वर्षं झाली होती. नेमणूक आजन्म; 'घरी बसा' असं सांगायची कोणाची टाप नव्हती. सांगत होता तो गुडघा, आणि तितकीच वर्षं त्यांच्या कोर्टाचं काम पाहणारा वेंडेल.

"तरुण जज्जांकडे द्या की. आपलीच चूक चव्हाट्यावर कशाला मांडायची?"

"शिक्षा मी दिली. दुसऱ्यानं का निस्तरायचं?"

तेवीस वर्षांपूर्वी त्यांनी कर्टिस ब्लेनला तीस वर्षांची कैद सुनावली होती. त्याचा एक जुना गुन्हा सतराव्या वर्षाचा. त्यांनी तो सज्ञान माणसाचा म्हणून मोजला. एरवी शिक्षा सोळा वर्षांची झाली असती. वकिलांच्या लक्षात आलं नाही, अपिलातही नाही. आता तुरुंगातून पेन्सिलीनं लिहिलेलं पत्र आलं होतं. त्यात जन्मतारखेखाली दोन रेघा होत्या.

पायऱ्या त्या एकट्याच चढल्या.

"युअर ऑनर, चूक असेलही," सरकारी वकील म्हणाला, "पण ती दाखवायची मुदत केव्हाच टळली."

"ब्लेन यांची टळली. शिक्षा कमी करायचा माझा अधिकार अजून आहे."

निकाल बसून वाचायची रीत. आर्लिसबाई उभ्या राहिल्या. घाईघाईनं सगळं कोर्ट उठलं.

"मिस्टर ब्लेन, तारीख माझ्यासमोर होती. मी ती नीट पाहिली नाही. तुमची सात वर्षं मला परत देता येत नाहीत. उरलेली शिक्षा रद्द. आजच, इथूनच जा."

कर्टिस हलेना. न्यायाधीश आत गेल्याशिवाय कोणी जागा सोडायची नाही, हे त्याच्या अजून ध्यानात होतं.

"तुम्ही जा ना," तो पुटपुटला.

"नाही. आधी तुम्ही."

त्यानं पहारेकऱ्याकडे पाहिलं. पहारेकऱ्यानं वेंडेलकडे. वेंडेलनं जाऊन कैद्यांचं नव्हे, लोकांच्या बाजूचं दार उघडून धरलं.

केस पिकलेला तो माणूस सावकाश चालत गेला. टेबलाची कड धरून आर्लिसबाई उभ्याच होत्या. दार मिटल्यावर त्यांनी खालच्या तीन पायऱ्यांकडे पाहिलं.

"वेंडेल," त्या म्हणाल्या, "ये. हात दे."