तीन खरबुजं परत मिळणेबाबत

बायडाबाईच्या खरबुजाला पहिलं बक्षीस मिळालं. शाल, श्रीफळ, टाळ्या, फोटो, सगळं झालं.

आता हे विसरून जा. असं काही झालंच नाही. तसं समितीचं म्हणणं आहे, आणि समितीकडे शिक्का आहे.

तर, विश्रांतवाडीच्या पलीकडे नदीत एक बेट आहे. चार एकर वाळू. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की वर येतं, मृगात पुन्हा बुडतं. म्हणजे तिथलं पीक मोसमी आहेच, पण बेटसुद्धा मोसमी आहे. बायडाबाईच्या सासूच्या सासूपासून घरातल्या बाया तिथे वाळूत खड्डे करतात, शेणखत भरतात आणि एकेका खड्ड्यात दोन-दोन बिया टोचतात. शिमग्याला काकडी येते, पाडव्याला खरबूज. मंडईत ते 'बेटाचं' म्हणून विकलं जातं आणि गिऱ्हाईक घासाघीस न करता घेतं. पुण्यात याहून मोठा पुरस्कार नाही.

घरचा एक नियम होता. सगळ्यांत जोमाच्या वेलाची तीन फळं बियाण्याची. ती कुणी खायची नाहीत, पाहुण्यानं नाही की जावयानं नाही. वेलावरच पिकून फुटू द्यायची, बिया राखेत चोळायच्या, शेणात कालवून स्वयंपाकघरातल्या भिंतीला थापायच्या. दिवाळीनंतर भिंत खरवडली की पुढचं वर्ष सुरू.

यंदा भिंत कोरी होती. आणि ती कुणामुळे कोरी होती हे ऋतिकाला पक्कं ठाऊक होतं. तिच्याचमुळे.

ऋतिका म्हणजे बायडाबाईची नात. आयटी कंपनीत लोकांच्या तक्रारी बंद करण्याच्या कामाला. तक्रार सुटली पाहिजे अशी अट नव्हती, बंद झाली की पुरे. तिनंच 'द्वीपप्रदेश मोसमी अन्न जतन समिती'चा फॉर्म भरला होता. समितीचं ऑफिस बुधवार पेठेत, चार्जरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला. पुण्याला समुद्र नाही ही अडचण समितीनं पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवली होती. पण ज्या बेटाचं पीक समितीच्या स्पर्धेत जिंकून यादीत येईल, ते बेट नदी रुंद करणारा ठेकेदार उपसणार नाही, असं ठरलं होतं. म्हणून फॉर्म.

समितीचे चिटणीस सलिल यांचा फोन आला होता. "तीन परीक्षक, तीन नमुने. आणि सर्वोत्तमच आणा हं. किरकोळ माल आम्ही घरी खातोच."

सर्वोत्तम तीन म्हणजे बियाण्याची तीन. बायडाबाई कोयता हातात घेऊन वेलाजवळ बराच वेळ उभी राहिली.

"दे गं आजी," ऋतिका म्हणाली. "ते बिया धुऊन, नाव घालून पाकिटात परत देणार आहेत. फोनवर बोललेत."

"बोललेत?"

"बोललेत."

बायडाबाईनं कापली. बी परत येणारच म्हणून बियाण्याला दुसरी फळंही धरली नाहीत, सगळी विकली.

स्पर्धेत अध्यक्षा उल्काताई म्हणाल्या, "मला मधुमेह आहे, एकच फोड." मग त्यांनी सहा खाल्ल्या. बक्षीस जाहीर झालं. पाकीट "पुढच्या आठवड्यात" येणार होतं. ते आठवडे एकामागून एक पुढेच सरकत राहिले. जून आला, बेट गेलं.

आणि ऑगस्टमध्ये, यादीत नाव चढवण्याआधी, समिती बेट बघायला आली.

पाऊस उघडला होता. ऋतिकाचे आजोबा, भैरूआबा, सलिलना नावेत घालून मधोमध घेऊन गेले. मागे ऋतिका.

"कुठंय बेट?" सलिलनी पेनचं टोपण उघडून विचारलं.

"तुमी त्याच्यावरच हायसा, सायेब."

"म्हणजे खाली?"

"दीड पुरुस." आबांनी बांबू खाली टेकवून दाखवला. "ही वाळू. ही आमची शिवेची धोंड. वाजली बगा."

सलिलनी कान देऊन ऐकलं, मान डोलवली आणि लिहिलं: सदर बेट जागेवर आढळून आले नाही.

"अहो, पण दिवाळीनंतर वर येतं ना!" ऋतिका ओरडली.

"पाहणी ऑगस्टमधली आहे. बेटानं तशी तयारी ठेवायला हवी होती."

पुढचं सगळं रीतसर झालं. बेट नाही, म्हणून पीक नाही. पीक नाही, म्हणून बक्षीस नाही. 'तरी सदर बक्षीस देण्यात आलेच नव्हते असे समजण्यात यावे,' असं पत्र आलं. ते ऋतिकानं आजीला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिचा आवाज इतका चढला की शेजारच्या बिल्डिंगचा वॉचमन बघायला आला.

दसऱ्यानंतर दोघी बुधवार पेठेत गेल्या. समोर उल्काताई आणि सलिल.

"यादीचं नंतर बघू," ऋतिका म्हणाली. "आधी आमच्या बिया द्या."

"आपण जरा तर्कानं घ्या," उल्काताई म्हणाल्या. "बेटच नाही म्हटल्यावर फळ कुठलं? फळ नाही म्हटल्यावर बिया कुठल्या?"

"बाई," बायडाबाई म्हणाली, "तुमी सा फोडी खाल्ल्या. हनवटीवरनं रस गळत हुता. पदराला पुसला. पोपटी पदर हुता."

"वैयक्तिक होण्याचं कारण नाही."

"बिया टाकल्यात कुठे?" ऋतिकानं सलिलना विचारलं.

"ओल्या कचऱ्यात. वर्गीकरणाबाबत आम्ही काटेकोर आहोत."

"म्हणजे होत्या!"

सलिलनी छताकडे पाहिलं. "नव्हत्या. पण ओल्या होत्या."

ऋतिका टेबलावर वाकली. "दिवाळीनंतर या. बेटावर उभं करून दाखवते."

"यादी बंद झाली. आणि दिवाळीनंतर तिथे ठेकेदाराची यंत्रं येणार," सलिल म्हणाले. "गर्दीत उगाच आपली अडचण कशाला?"

बायडाबाईनं पिशवीतून शाल काढून टेबलावर ठेवली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. "मग ही शालबी झाली न्हाई. ठेवा."

"शाल परत घेता येणार नाही," सलिल म्हणाले. "ती दिलेलीच नाही."

बायडाबाई उठली. जिना उतरली. खाली चार्जरच्या दुकानासमोर थांबून एवढंच म्हणाली, "माझ्या सासूनं पुरात पोरं न् बी, दोनच गोष्टी माळ्यावर चढवल्या हुत्या. आन् मी कापून दिली."

"मी सांगितलं म्हणून दिलीस."

"हां," बायडाबाई म्हणाली. तिनं ते खोडून काढलं नाही.

घरी येऊन ऋतिका कोऱ्या भिंतीसमोर पाट टाकून बसली. तक्रार बंद कशी करतात हे तिला येत होतं. उघडी कशी ठेवतात ते तिनं पहिल्यांदाच करून पाहिलं.

*प्रति, मा. अध्यक्षा. विषय: तीन खरबुजं परत मिळणेबाबत. महोदया, ज्याअर्थी आपल्या पत्रानुसार सदर फळे अस्तित्वात नव्हती, त्याअर्थी ती आपण खाल्लेली असणे शक्य नाही, आणि त्याअर्थी ती आजही आपल्याकडे न खाल्लेल्या स्थितीत असलीच पाहिजेत. तरी सदर तिन्ही फळे सालीसकट, गरासकट, रसासकट (पदराला पुसलेला धरून) व सर्व बियांसकट, मूळ देठाला जोडून, लक्ष्मीपूजनाच्या आत आमच्या वेलावर आणून द्यावीत, आणि वेलाखाली बेट नसल्यास तेही सोबत आणावे, ही नम्र विनंती.*