चहा संपेपर्यंत

जहाजं दुरुस्त करणाऱ्या कारखान्याच्या फाटकाशी एचआयव्ही तपासणीचं केंद्र होतं. तिथे निकाल समजावून सांगणाऱ्या बाईंना सगळे चहावाल्या बाई म्हणत. निकाल कसाही असो, माणसाला आत बसवून त्या चहा पाजत. चहा अगदी फुळकवणी, पण संपवल्याशिवाय सुटका नाही. बाहेर बाकावर बसलेली मंडळी उडत्या पाखराची पिसं मोजणारी. कोण किती वेळ आत होता, यावरून त्यांनी परस्पर निकाल लावला असता. म्हणून सगळ्यांना सारखाच वेळ. हातात कागदही द्यायचा नाही, म्हणजे घरी कुणी 'दाखव' म्हणायला नको.

त्या दिवशी बाईंची थोरली बहीण तपासणीला आली, सोबतीला नणंदेला घेऊन. ताईचा नवरा महिनोन्‌महिने बोटीवर, त्यामुळे धास्ती होतीच. निकाल चांगला आला आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात त्या स्वतःचाच नियम विसरल्या.

"जा ताई, पळ घरी!"

चहा किटलीतच राहिला. बाकावर लगेच ठरलं, लवकर सुटला तो सुटला.

पुढचा नंबर एका वेल्डरचा. त्याला लागण झालेली निघाली. ऐकताक्षणी तो उठला.

"मलाही तसंच सोडा. आत्ता. बसलो तर बाहेर कळलंच म्हणून समजा."

"औषधाचं बोलायचंय. तुमच्या बायकोची तपासणी..."

"बाई, माझा मेहुणा बसलाय बाकावर!"

असा उठून गेलेला माणूस सहसा परत येत नाही. औषध राहतं, बायकोची तपासणी राहते, आणि आजाराला घरात मोकळं रान मिळतं. चूक बाईंची होती आणि भोगणार होता तो. त्यांनी दार उघडलं. ताई फाटकापर्यंत पोचली होती.

"ताई, थांब गं! तुझं बोलायचं राहिलंय. यांचं झालं की आत ये."

बाकावरचा हिशेब मोडला; लवकर सुटलेलीलाही परत बोलावणं आलं होतं. नणंदेने ताईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

वेल्डर खाली बसला. खात्रीची दुसरी तपासणी, रोजची गोळी, बायकोला कसं सांगायचं, सगळं त्याने ऐकलं आणि चहा संपवून गेला. मग ताई आत आली.

"अगं, चांगलं आहे म्हणालीस ना?"

"चांगलंच आहे. चहा पी."

"मग बोलावलंस कशाला?"

बाईंनी कपात चहा ओतला. ताईने टेबलावरच्या उष्ट्या कपाकडे पाहिलं, मग बंद दाराकडे.

"बाहेर नणंद आहे माझी."

"माहीत आहे."

"बरं," ताई म्हणाली आणि तळ दिसेपर्यंत तो चहा प्यायली.

पुढच्या आठवड्यात वेल्डर बायकोला घेऊन आला. बाईंना बरं वाटलं. सुट्टीच्या दिवशी त्या ताईकडे गेल्या. नणंदेने चहा केला. ओट्यावर सगळे कप एका रांगेत होते, आणि एक कान तुटलेला कप लांब, खिडकीत. निकाल चांगला आहे हे ताईने शपथेवर सांगितलं होतं, पण चांगला असता तर परत कशाला बोलावलं, हे नणंदेचं पालुपद सुटत नव्हतं. उत्तर बाईंकडे होतं, पण ते दिलं तर वेल्डरचा निकाल फुटला असता. त्यांना फार लागलं.

त्यांनी खिडकीतला कप उचलला.

"तो ताईचा," नणंद घाईने म्हणाली. "वेगळा ठेवलाय."

"ह्यातच ओता मला."

नणंदेचा हात थांबला, मग तिने ओतला. बाईंनी अर्धा चहा पिऊन कप ताईला दिला. ताई उरलेला प्यायली, सावकाश, नणंदेच्या समोर बसून.

नणंदेने कप विसळला. थोडा वेळ तो हातात धरून ती उभी राहिली, आणि मग तिने तो रांगेत ठेवला.