ग्लिकमनचा घसा

खंडेनवमीच्या दुपारी कॅनडातल्या केंब्रिजमधल्या रविकांत पांढरीपांड्यांच्या बेसमेंटमधून अशी किंकाळी उठली, की शेजारच्या आवारातल्या मेपलने एका दमात सगळी पानं टाकून दिली. ऑक्टोबर होता म्हणून कुणाला संशय आला नाही, एवढंच.

"अगं चित्रा, नळकांडं!"

"अहो, तुम्हीच म्हणालात, यंदा त्याचीही पूजा कर."

म्हणाले होते खरे. पाटावर नट आवळायचे पाने, पकडी, जुना फोनोग्राफ, सगळ्यांना हळदकुंकू, ग्रोसरीतून आणलेली शेवंती. आणि मधोमध, डब्यातून मुद्दाम बाहेर काढलेलं मेणाचं तपकिरी नळकांडं, तबकड्यांच्या आधीची रेकॉर्ड. शेजारी निरांजन. दोघं नैवेद्य आणायला वर गेले तेवढ्यात त्या ज्योतीने काम साधलं. नळकांडं एका अंगाने फसलेल्या मोदकासारखं खाली बसलं होतं.

त्या मेणात बेन ग्लिकमनचा आवाज होता. जगात उरलेला तेवढाच.

ग्लिकमन म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीचा ज्यू नकलाकार. माँट्रियलमध्ये वाढलेला, इंग्रजी असं स्वच्छ की पाद्र्याने त्याच्याकडे शिकवणी लावावी. पण स्वच्छ इंग्रजी ऐकायला तिकीट कोण काढणार? लोकांना हवा होता नुकताच बोटीतून उतरलेला, दाढीवाला, शब्द चावून चावून बोलणारा अंकल मोईशे. ग्लिकमनने तो थेट आपल्या आईच्या तोंडून उचलला. तेव्हा रेकॉर्डच्या प्रती निघत नसत. जितकी नळकांडी विकायची तितक्या वेळा कर्ण्यात तोंड घालून तोच विनोद, तशाच उत्साहाने करायचा. कंपनीचा माणूस नवं मेण चढवायचा आणि म्हणायचा, "अगेन!" सकाळी सुरू झालेला मोईशे दिवेलागणीला थांबायचा. ग्लिकमनचा आवाज इतका दणकट, की मेण म्हणे सुई टेकायच्या आधीच घाबरून कोरलं जायचं. हॅलिफॅक्सपासून व्हँकुव्हरपर्यंत लोक पोट धरून हसले. त्याच्या आईने एकदाच ऐकलं आणि मुलाशी बोलणं सोडलं. पुढे एका साच्यातून ढिगाने नळकांडी निघू लागली आणि कंपनीला त्याच्या घशाची गरज उरली नाही. घसा तसाही संपला होता. शेवटी सस्काटूनमध्ये ओव्हरकोट विकताना तो भाव बोटांनी सांगायचा. तो गेल्यावर मुलाने घरातली सगळी नळकांडी लाजेपायी हातोड्याने फोडली.

त्या मुलाची मुलगी झेल्डा. पांढरीपांड्यांची जुनी शेजारीण. आता नव्वदीची, नजर गेलेली, नर्सिंग होममध्ये अंथरुणाला खिळलेली. आजोबांचा आवाज तिने कधीच ऐकला नव्हता. रविकांत कारखान्यातून रिटायर झाल्यापासून जुनी यंत्रं दुरुस्त करायचे. सस्काटूनकडच्या एका शेतावरच्या लिलावात त्यांना हे नळकांडं सापडलं, तेव्हा झेल्डाने त्यांचा हात घट्ट धरला होता.

"फोनवर रेकॉर्ड करून आणायचं नाही हं, रवी. त्याने कर्ण्यात घातलं, मी कर्ण्यातूनच घेणार."

प्रत्येक वाजवण्याला मेण झिजतं. म्हणून रविकांतनी चालतं की नाही ते बघायला फक्त एकदा लावलं आणि शब्दाला जागून फोन खिशातच ठेवला. आता नर्स म्हणत होती, जे काय आणायचं ते उद्याच आणा.

"सांगून टाका ना तिला खरं," चित्रा म्हणाली.

"काय सांगू? तुझ्या आजोबाला आम्ही ओवाळलं आणि तो वितळला?"

मग त्यांनी ते मेण पाटावरून उचलून डब्यात ठेवलं. एकदाच ऐकलेला मोईशे डोक्यात होता, आणि नक्कल त्यांना नवी नव्हती. कारखान्यातल्या ख्रिसमस पार्टीत फोरमन ओरडायचा, "रवी, डू द ॲक्सेंट!" मूळचा नागपुरी ॲक्सेंट होताच, रविकांत तो दुप्पट जाड करून बोलायचे. टेबलं गदगदायची. चित्रा तेवढा वेळ वॉशरूममध्ये जाऊन बसायची.

"चाळणी घे," ते म्हणाले. "आणि रवा."

दुसऱ्या दिवशी झेल्डाच्या खोलीत, नर्सला दिसू नये म्हणून, पडद्याआड दोघं बसले. कर्ण्याचं रुंद तोंड पडद्याबाहेर, अरुंद टोक रविकांतच्या ओठांशी. चित्रा स्टीलच्या ताटावर रवा चाळू लागली. हुबेहूब जुन्या मेणाची खरखर! आणि मोईशे बोलला:

"घरमालक, खोलीत शेगडी कुठंय?"

"शेगडी शेजारच्या खोलीत आहे, मोईशे."

"वा! मग भाडंही शेजारच्यालाच देईन!"

पलंगाकडून हसू आलं, बारीक, खोकल्यात अडकलेलं. मग ती म्हणाली, "अगेन."

रविकांतनी पुन्हा केलं.

"अगेन."

कितीदा केलं याचा हिशोब राहिला नाही. घसा सोलून निघाला. शेगडीची कधी चूल झाली, घरमालकाची घरमालकीण झाली. रवा संपला तशी चित्रा रिकामीच चाळणी घासू लागली. "अहो, पुरे. रक्त येईल," ती कुजबुजली.

"फार गुणी मशीन आहे हो," झेल्डा पलंगावरून म्हणाली. "दर वेळी नवे शब्द घालतं."

चाळणी थांबली. रविकांत कर्णा सोडून अर्धवट उठले.

"उठू नकोस, रवी. मला पडदा दिसत नाही, तुला मी दिसत नाही, बरंय. पण हा तर मोईशे. हा सगळ्यांचा. लोकांना विकलेला." तिचा श्वास मध्येच तुटला, पुन्हा सापडला. "घरात माझा आजोबा कसा बोलायचा? ॲक्सेंट काढून टाक आणि एकदा बोल. मला तो हवाय."

कुठून आणायचा? ते तर कुणी मेणावर घेतलंच नव्हतं. रविकांतनी कर्ण्याला ओठ लावले. तोंडाला फोरमनसाठीचं जाड इंग्रजी आलं, ते गिळलं. मोईशे आला, त्यालाही ढकललं. त्याच्यामागे काहीच नव्हतं, नुसती हवा. पलंगावरची चादर खसखसली. ती वाट बघत होती, आणि तिच्यापाशी वाट बघण्याइतका वेळ नव्हता.

मग फाटक्या घशातून, इतक्या वर्षांत कुणासमोर न काढलेली, घराच्या आतली वऱ्हाडी बाहेर पडली.

"झेल्डा... जेवली का वं माय? थंडी वाजते का? इकडं ये, शालीत घुस."

चित्राने रिकामी चाळणी छातीशी धरली होती आणि डोळे पुसायलाही तिचा हात मोकळा नव्हता.

झेल्डाला त्यातला एक शब्द कळला नाही. तिने चादर हनुवटीपर्यंत ओढली, तोंड कर्ण्याकडे वळवलं.

"अगेन," ती म्हणाली.