हुकमावर उतरलेलं पाखरू

उचगावात गणपती नावाच्या गड्याच्या कबुतरांचा दरारा होता. शर्यत अशी, की पहाटे पाखरू सोडायचं आणि जे सगळ्यात शेवटी उतरेल ते जिंकलं. दिवस बुडायच्या आत जे छपरावर टेकेल, त्याची गणपती तिथंच मान मुरगाळायचा, बाकीच्यांच्या डोळ्यांदेखत. "एकदा उतरायची चटक लागली की पाखरू कामातनं गेलं," म्हणायचा. बापानं त्याला असंच शिकवलेलं.

पण हिऱ्या नावाच्या नरावर गड्याचा भारी जीव. बारा-बारा तास वर राहायचा पठ्ठ्या! दिवस बुडाल्यावर उतरला की गणपती त्याला मुठीतनं शेंगदाणे चारायचा. पोटच्या पोराचे एवढे लाड कुणी करत नाही, असं त्याची बायको शालन म्हणायची.

दोन हजार चार सालच्या हिवाळ्यात दिल्लीचे कुणी बडे पाहुणे कोल्हापूरला यायचे होते. त्यांच्या विमानासाठी दहा ते दोन आभाळ बंद, असा कागद विमानतळावर लागला. गणपतीच्या माडीवर भाड्यानं राहणारा मुरगूडचा प्रसेनजीत विमान चालवायला शिकत होता. त्यालाही त्या दिवशी सुट्टी मिळाली.

"मामा, हुकूम वैमानिकांना हाय, पाखरांना न्हाय," तो म्हणाला. रविवारी मोठी शर्यत होती, सराव बुडवून कसं चालेल? गणपतीनं सहालाच हिऱ्याला सोडलं.

साडेनवाला पिराजी हवालदार दारात हजर.

"ते वर काय फिरतंय रं?"

"पाखरू हाय, सायेब."

"उतरीव. दहानंतर आभाळात माशी जरी दिसली, तर ढाबळ पेटवीन, आतल्या चाळीस पाखरांसकट!"

प्रसेनजीत विमानतळावरच्या कागदाची नक्कल दाखवायला पुढं झाला. "तू गप बस, लई शाना!" पिराजीनं त्याला दमात घेतलं.

गणपती छपरावर चढला. जोंधळं फेकलं, शीळ घातली, हिऱ्याची मादी हातात धरून फडफडवली. हिऱ्या खाली यायचा, छपराजवळ घिरटी घालायचा आणि पुन्हा वर जायचा. या छपरावर काय होतं ते त्यानं पाहिलं होतं की! आजची गोष्ट वेगळी आहे, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

खाली पिराजीनं रॉकेलचा डबा मागवला. शालन त्याच्या पाया पडू लागली.

"ये रं माझ्या राजा!" गणपती गुडघ्यावर बसून रडला. "तुझी शपथ, कायबी करत न्हाय!"

दहाला पाच कमी असताना हिऱ्या थेट त्याच्या खांद्यावर येऊन बसला. चोच उघडी, अंग थरथरतंय. गणपतीनं त्याला छातीशी धरून मुके घेतले.

आणि पाहुणे? ते पुण्याहून मोटारीनं आले. दिवसभर आभाळ रिकामंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी हिऱ्याला सहाला सोडलं, तर नऊलाच खांद्यावर. तिसऱ्या दिवशी साडेआठलाच. आला तो थेट मुठीत चोच घालायला लागला. ढाबळीतली चाळीस पाखरं जाळीतनं बघत होती.

शालननं नवऱ्याचा हात धरला. "अवो, तुमच्या हाकंला आलतं की ते! शपथ घेतलीसा तुमी!"

"म्हणूनच कामातनं गेलं."

प्रसेनजीत गणवेश घालून जिन्यात उभा होता. "मामा, आमी हुकमावर उतरलो न्हाय तर आमचं लायसन जातं," तो म्हणाला. "ते उतरलं की वो."

गणपतीनं बायकोच्या हातातनं हात सोडवून घेतला. त्यानं मान धरली तरी हिऱ्या त्याच्या दुसऱ्या मुठीत शेंगदाणा शोधत होता.